दोन प्रश्नचिन्हे

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, पुणे

प्रबंध आला. पदार्थविज्ञानाचा, इंग्रजीत, विषय ग्रॅफीनचे रामन वर्णपट. मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "काका, सरांनी तिसऱ्या प्रकरणात एक नवा विभाग घालायला सांगितलाय."

मजकूर वर्डमध्ये आहे आणि प्रत्येक समीकरणाचा क्रमांक हाताने टंकलेला. नवा विभाग ३.२ नंतर येणार. म्हणजे ३.३ चा ३.४ होणार, त्यामागची सगळी समीकरणे चार-चार घरे सरकणार, आणि पाचव्या प्रकरणात जिथे जिथे 'इक्वेशन ३.१४ वरून' असे आहे तिथे तिथे जाऊन आकडा बदलावा लागणार. तिने वहीत जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता केला आहे. तक्ता सुबक आहे, पण त्याबरहुकूम वरून खाली 'शोधा आणि बदला' करत गेले की ३.१४ चा ३.१८ होतो आणि थोड्या वेळाने ३.१८ चा ३.२२ करताना तोही ओढला जातो. हे तिला काल रात्री कळले, म्हणून ती आज सकाळी आली.

वर्डला दोष देण्यात अर्थ नाही. आकृतीला क्रमांकित मथळा देण्याची आणि मजकुरातून त्याला जिवंत संदर्भ जोडण्याची सोय त्यात फार वर्षांपासून आहे. सगळा मजकूर निवडून एफ-नाइन दाबले की आकडे ताजे होतात. ती सोय वापरणारा संशोधक विद्यार्थी मात्र मला क्वचितच भेटतो. गणित एवढे आहे म्हटल्यावर लेटेक ही मजकूररचनेची प्रणाली बरी, असे दोघांच्या मते ठरले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

रूपांतर चालू आहे. प्रत्येक समीकरणाला, आकृतीला, विभागाला 'लेबल' म्हणून एक नाव द्यायचे आणि मजकुरात आकड्याच्या जागी 'रेफ' आज्ञेने ते नाव लिहायचे. आकडा कोणता, ते यंत्र ठरवेल.

नावे तिनेच द्यावीत असे मी सांगितले होते. तिने काल पाठवली: इक्यू-१, इक्यू-२, इक्यू-३. परत पाठवली. क्रमांकच नाव म्हणून दिला तर विभाग हलताच इक्यू-२ हे सहावे समीकरण होते, आणि मग डोक्यात दोन-दोन आकडे वागवावे लागतात. नाव अर्थावरून हवे: 'इक्यू-रामन-शिफ्ट', 'फिग-लेसर-मांडणी'. समीकरणांना 'इक्यू', आकृत्यांना 'फिग', कोष्टकांना 'टॅब', विभागांना 'सेक' ही आद्याक्षरे सगळीकडे रूढ आहेत. यंत्राला त्यांची गरज नाही. सहा महिन्यांनी तीच फाइल उघडणाऱ्या माणसाला आहे.

मूळ मजकुरातले हाताने घातलेले संदर्भ हुडकणे हे खरे कंटाळवाणे काम. कंसातले आकडे शोधायला लावले तर संगणक '(१९२८)' सुद्धा समीकरण म्हणून पुढे करतो. एकेक डोळ्यांनीच पाहावे लागले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी फोन. "काका, सगळीकडे ठळक अक्षरांत दोन-दोन प्रश्नचिन्हं आलीत, माझं काहीतरी उडालंय." काहीच उडालेले नव्हते. तिने फाइल एकदाच चालवली होती. "परत चालव," म्हटले. चालवली, आकडे आले. मग अर्थातच, "पण दोनदा का?"

फोनवर सांगितले ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. पहिल्या प्रकरणात पाचव्या प्रकरणातल्या आकृतीचा उल्लेख आहे. लेटेकच्या मुळाशी असलेला टेक मजकूर वरून खाली एकदाच वाचत जातो. पहिल्या प्रकरणात असताना पाचव्यातली आकृती त्याने पाहिलेलीच नसते, म्हणून तो प्रश्नचिन्हे छापून पुढे जातो. आकृतीपाशी पोचल्यावर तिचे नाव, क्रमांक आणि पृष्ठ 'ऑक्स' नावाच्या जोडफाइलीत टिपून ठेवतो. दुसऱ्या फेरीत आधी ती टिपणे वाचतो आणि मग मजकुराला हात घालतो. त्यातही पृष्ठांकाची गंमत वेगळी आहे. टेक परिच्छेद रचताना पानाच्या थोडा पुढे गेलेला असतो आणि पान कुठे तोडायचे ते मागाहून ठरवतो, त्यामुळे पृष्ठांक टिपण्याचे काम पान प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत थांबवून ठेवलेले असते. तसे केले नाही तर पानाच्या सीमेवरच्या आकृत्या मागच्या पानाच्या नावावर जमा होतील.

अनुक्रमणिका असेल तर कधी तिसरी फेरीही लागते. ती दोनाची तीन पाने झाली की मागचे सगळे सरकते. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे देऊन मुख्य मजकूर १ पासून सुरू करण्याच्या जुन्या छापखानी रिवाजामुळे हा त्रास आपोआप कमी होतो.

हे सगळे एकट्याचे डोके नव्हे. १९७७ साली डोनाल्ड कनूथला आपल्याच ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आवडली नाहीत, म्हणून त्याने टेक लिहायला घेतले. पण ओळी आणि पाने सुंदर तोडणे ही त्याची आस्था होती. नाव देऊन आकडा मिळवण्याची सोय लेस्ली लॅम्पोर्टने लेटेकमध्ये वरून चढवली. ती कल्पना त्याच्या आधी ब्रायन रीडच्या 'स्क्राइब'मध्ये होती, आणि 'स्क्राइब' हा रीडचा १९८० सालचा पीएच.डी.चा प्रबंध. प्रबंधातले आकडे आपोआप पडावेत यासाठीही एक प्रबंध खर्ची पडला आहे, हे तिला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

रविवार, १६ फेब्रुवारी

नवा विभाग आज घातला. ३.२ च्या खाली मजकूर चिकटवला, दोन फेऱ्या चालवल्या, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या प्रकरणांतले सगळे आकडे आपापल्या जागी जाऊन बसले. वहीतला तक्ता तिने तिथेच फाडला. मी म्हटले, थांब.

कारण चौथ्या प्रकरणात एक आकृती 'आकृती ४.२' म्हणून उल्लेखली गेली होती आणि तिच्याखाली मात्र ४.५ छापले होते. प्रश्नचिन्ह नाही, इशारा नाही. लेबल मथळ्याच्या आधी लिहिले होते, एवढेच. लेबल हे 'शेवटी कोणता क्रमांक पुढे सरकला' ते उचलते. आकृतीचा क्रमांक मथळ्याच्या आज्ञेने सरकतो. मथळ्याआधी लेबल आले तर त्याला सापडतो तो चालू विभागाचा आकडा, म्हणजे ४.२. दिसायला अगदी खराखुरा. प्रश्नचिन्हे कोणालाही दिसतात. असला सज्जन दिसणारा चुकीचा आकडा परीक्षकापर्यंत सुखरूप जातो. लेटेक वापरतो म्हणून निर्धास्त झालेल्यांचे प्रबंध मी यासाठीच आधी तपासतो.

दुसरा प्रकार नक्कलचिकट. आकृतीचा ठोकळा उचलून खाली चिकटवायचा, चित्र बदलायचे, लेबल तेच ठेवायचे. अशा वेळी लेटेक शेवटचे लेबल धरतो आणि दोन्ही उल्लेख दुसऱ्या आकृतीकडे जातात. इथे इशारा मिळतो, पण तो लॉग फाइलीत, आणि लॉग फाइल कोण वाचतो!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

संदर्भसूची. बिबटेक (ओरेन पटाश्निक, १९८५) हे काम चोख करते, फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात. उल्लेखाच्या क्रमाने आकडे हवेत असा तिच्या विद्यापीठाचा नियम आहे. सूची तयार झाली तर [१] हा मान पाचव्या प्रकरणातल्या एका किरकोळ लेखाला. तिला कळेना. तो लेख एका आकृतीच्या मथळ्यात उल्लेखला होता. मथळे आकृत्यांच्या यादीत जातात. यादी प्रबंधाच्या सुरुवातीला असते. बिबटेकच्या दृष्टीने तोच पहिला उल्लेख. यादीसाठी उल्लेख नसलेला आखूड मथळा वेगळा दिला की प्रश्न मिटतो.

दुसरी खोड जास्त लागणारी. नेहमीच्या शैलींत बिबटेक लेखाच्या शीर्षकातली पहिल्या शब्दानंतरची मोठी अक्षरे लहान करते. त्यामुळे रामन वर्णपटावरच्या प्रबंधात शीर्षकांमधला रामन जवळजवळ सगळीकडे छोट्या 'आर'ने. महिरपी कंसात नाव घातले की ते जसेच्या तसे राहते. संध्याकाळ कंस घालण्यात गेली.

संध्याकाळीच एका ओळखीच्या प्राध्यापकांचा निरोप: त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध मराठीत आहे, सूची अकारविल्हे लागत नाही. झीटेकमुळे देवनागरी रचना आता सोपी आहे, पण जुने बिबटेक नावे लावते ती अक्षरांच्या संकेतांकांवरून. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. परिणामी काळे हे काशीकरांच्या आधी येतात. बिबटेकऐवजी बायबर वापरा आणि भाषा कोणती ते त्याला सांगा, असे कळवले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हायपररेफ बसवले, म्हणजे पडद्यावर आकड्यावर टिचकी मारली की थेट त्या जागी जाता येते. संदर्भांचेच दुसरे पॅकेज क्लेव्हररेफ, ते त्याच्या नंतर. क्रम उलटला तर बिनसते. याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात नाही.

दिवसभराचा वेळ भलत्यानेच खाल्ला. एका फेरीत 'लेबले बदलली असावीत, पुन्हा चालवा', म्हणून पुन्हा चालवले, तर पुन्हा तेच. 'पृष्ठ ९९ पाहा' असे एक वाक्य होते. आकृती १०० वर गेली की '१००' हा आकडा एका अंकाने रुंद, परिच्छेद वेगळा तुटायचा, ओळ वाचायची आणि आकृती ९९ वर यायची. ९९ छापले की ती परत १०० वर. हा झोपाळा कितीही फेऱ्या केल्या तरी थांबणार नाही, हे गणिताने शक्य आहे. वाक्यातला एक शब्द तिला बदलायला लावला, थांबला.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुटी असल्याने ती पूर्ण दिवस बसली. मी मोठ्याने वाचत गेलो, ती प्रत्येक संदर्भ उघडून पाहत गेली. आकडे सगळे बरोबर निघाले. चुका निघाल्या त्या शब्दांत. 'खालील आकृतीत' म्हटलेली आकृती तरंगत त्याच पानाच्या माथ्यावर गेली होती. 'मागच्या विभागात पाहिल्याप्रमाणे' लिहिले होते, पण नव्या विभागामुळे मागचा विभाग आता भलताच होता. 'पुढील तीन पद्धती' होत्या आणि सरांच्या सूचनेनंतर त्या चार झाल्या होत्या. वर, खाली, मागे, पुढे, तीन, चार हे सगळे हाताने टंकलेले क्रमांकच आहेत, अक्षरी लिहिलेले एवढाच फरक. ते कोणत्याही ऑक्स फाइलीत जात नाहीत. 'खालील'च्या जागी सगळीकडे नाव घातले. एका ठिकाणी संदर्भ जिवंत होता, आकडा अचूक होता आणि समीकरण चुकीचे होते: तापमानाविषयी बोलताना तिने लेसरच्या शक्तीचे समीकरण जोडले होते. ते तिलाच दिसले, मला दिसणे शक्य नव्हते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन, १९२८ साली याच तारखेला रामन परिणाम सापडला. पीडीएफ गेली. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढेल तीही हीच प्रत, आणि तिच्यात टिचकीने संदर्भ उघडतील.

प्रबंध लिहायला बसणाऱ्यांना सांगणे एवढेच, की पहिल्या प्रकरणातल्या पहिल्या समीकरणालाच नाव द्या, शेवटी देऊ म्हणू नका. छपाईआधी लॉग फाइलीत 'अनडिफाइन्ड' आणि 'मल्टिप्लाय डिफाइन्ड' हे शब्द शोधा. मग संदर्भ उघडत सगळा प्रबंध एकदा वाचा, शक्यतो त्या विषयातल्या मित्राला सोबत घेऊन. आणि माझ्याकडे यायचेच असेल तर जमा करायच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी या.