पावसाळ्यातली लॅब

चिपळूण, १ जुलै

गुहागर बाजूच्या एका काकूंनी लघवी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणली होती. पहाटे साडेपाचला धरलेली. एस.टी. उशिरा आली, माझ्या टेबलावर पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. "परत द्यावी लागेल, काकू," म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. "एवढ्या लांबून जपून आणली, ती ओतून टाकायची?" टाकावीच लागते. या दमट हवेत सहा तास राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, असलेली साखर खाऊन टाकतात, युरियाचा अमोनिया करतात. मग लघवी अल्कधर्मी होते, पेशी फुटतात, मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार होणारे साचे, म्हणजे कास्ट, विरघळतात. दोन तासांत स्लाइड लावायची, नाहीतर नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा, यात सवलत नाही.

नवी डबी दिली. आधी पाण्याने स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची. हे नीट झालं नाही तर स्लाइडवर बाहेरच्या त्वचेच्या मोठ्या चपट्या पेशी दिसतात. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' भरपूर असतील तर शेजारच्या 'पस सेल्स'च्या आकड्यावर मी विसंबत नाही. शिकायला आलेल्या मुलीला हेच पहिलं सांगितलं: रिपोर्टातला कोणताही रकाना एकटा वाचायचा नाही.

४ जुलै

पंचाहत्तरीच्या आजोबांचा मुलगा रिपोर्ट घेऊन परत आला. "मॅडम, इन्फेक्शन आलंय ना? गोळ्या कुठल्या घ्यायच्या?" पस सेल्स १०-१२, जंतू दिसतात, नायट्राइट पॉझिटिव्ह. आजोबांना मात्र जळजळ नाही, ताप नाही, जेवण नेहमीसारखं. उतारवयात मूत्राशयात जंतू मुक्कामाला असणं फार सामान्य आहे. त्रास नसेल तर अँटिबायोटिक देऊन फक्त जंतू निगरगट्ट होतात. गोळ्या लिहिणं माझं काम नाही, पण डॉक्टरांना फोन करून आजोबांना लक्षणं नाहीत हे आवर्जून कळवलं.

दुपारी तसाच रिपोर्ट चार महिन्यांच्या गरोदर मुलीचा. तिलाही काही त्रास नव्हता. तिला मात्र उपचार हवेतच, कारण गरोदरपणात हेच जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. तिचं कल्चर लावलं. मिलिलिटरला एक लाख जंतू ही रेघ एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये आखून दिली, आजही तिथूनच मोजायला सुरुवात होते.

१२ जुलै

लघवीत साखर चार प्लस! बाई घामाघूम. रक्तातली साखर पाहिली तर ११८. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. त्यात डापाग्लिफ्लोझिन निघालं. ही गोळी मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही, लघवीवाटे बाहेर सोडायला लावते. म्हणजे ते चार प्लस गोळी चालत असल्याची खूण. २०२० मध्ये पेटंट संपून ही गोळी स्वस्त झाल्यापासून असे रिपोर्ट वारंवार येतात.

त्यांचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा आकडा ६४ आला, तो मला साखरेपेक्षा महत्त्वाचा वाटला. तीसच्या आत हवा. लघवीत बुडवायच्या पट्टीवर एवढंसं अल्ब्युमिन उमटत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. पण बाई आठवडाभर लावणीला वाकलेल्या आणि परवा ताप येऊन गेलेला. कष्टाने, तापाने हा आकडा चढतो. लावणी उरकल्यावर सकाळची पहिली लघवी घेऊन या, असं सांगितलं. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच तो खरा धरायचा.

१६ जुलै

आजचा दिवस विसरणार नाही. सात वर्षांचा मुलगा, डोळ्यांभोवती सूज, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. आई म्हणाली, "ताई, सकाळी उठला तर डोळेच उघडेनात." पट्टीवर रक्त तीन प्लस, प्रोटीन दोन प्लस.

लघवीत रक्त म्हटलं की घरच्यांच्या डोक्यात खडा येतो. खड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, धडधाकट असतात, कारण त्या वाटेतल्या ओरखड्यातून उतरलेल्या. या मुलाच्या पेशी वेड्यावाकड्या होत्या, काहींना कडेला फुगे आलेले. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पिळवटून निघालेल्या पेशी अशा दिसतात. कंडेन्सर खाली घेतला, उजेड मंद केला आणि कव्हरस्लिपच्या कडेकडेने शोधत गेले. कास्ट कडेलाच जमतात. शेवटी एक कास्ट सापडलं: लांबट, विटकरी, आत तांबड्या पेशी गच्च भरलेल्या. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळीत युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन साकळतं आणि नळीचा आकार घेऊन, साच्यातून पडणाऱ्या शिरवाळ्यासारखं, लघवीत उतरतं. त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या असतील तर रक्त मूत्रपिंडातूनच आलं, याबद्दल वाद उरत नाही. नुसतं रिकामं, काचेसारखं कास्ट निरोगी माणसातही धावपळीनंतर दिसतं. पांढऱ्या पेशींचं असेल तर मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग बहुधा असतो. रुंद, मेणचट असेल तर जुना आजार.

आईला पायांबद्दल विचारलं. तिने चड्डीचा काठ वर केला. गुडघ्याखाली खरजेच्या सुकलेल्या खपल्या, महिन्याभरापूर्वी चिघळलेल्या. त्वचेवरच्या स्ट्रेप्टोकॉकसनंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येते, घसा धरला असेल तर एक ते तीन. बालरोगतज्ज्ञांना लगेच फोन केला: रक्तदाब आधी बघा, आजच. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण पहिल्या दिवसांत रक्तदाब झटके आणू शकतो.

हे कास्ट कुठल्याच पट्टीवर उमटत नाही. मोठ्या लॅब नमुने लांब पाठवतात, तोवर ते विरघळूनही जातं. तालुक्याच्या गावात सूक्ष्मदर्शकाशी बसलेलं माणूस हवं, ते याचसाठी.

२३ जुलै

भाताच्या बांधावर घोणस चावलेला माणूस. लघवी जांभळट तपकिरी, पट्टीवर रक्त पूर्ण गडद. स्लाइडवर एकही तांबडी पेशी नाही. शिकायला आलेली मुलगी म्हणाली, "पट्टी खराब असेल." पट्टी बरोबर होती. ती पेशी मोजत नाही, हीम ओळखते. ते फुटलेल्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनचं असेल किंवा स्नायूंच्या मायोग्लोबिनचं. रक्त फिरवून पाहिलं, वरचा प्लाझ्मा गुलाबी. म्हणजे रक्तच फुटतंय. मायोग्लोबिन असतं तर प्लाझ्मा स्वच्छ राहिला असता. वॉर्डात कळवलं.

२४ जुलै

घोणस चावलेल्या माणसाची लघवी कमी झाली. आज स्लाइडभर चिखली रंगाची दाणेदार कास्ट. मूत्रपिंडाच्या नळ्यांचं अस्तर मरून गळतंय. त्याला डायलिसिसच्या सोयीच्या ठिकाणी हलवलं.

२ ऑगस्ट

निवृत्त शिक्षक, कंबरदुखी, हिमोग्लोबिन आठ, क्रिएटिनिन चढलेलं. पट्टीवर प्रोटीन जेमतेम. हे जुळेना. सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकले तर नळीत पांढरा गच्च साका. पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिनला रंग बदलते, बाकीची प्रोटीनं तिच्या हातून निसटतात.

१८४५ मध्ये लंडनमध्ये हाडं दुखणाऱ्या एका रुग्णाची लघवी हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आली. त्यातला साका उकळल्यावर विरघळे, गार झाल्यावर पुन्हा धरे. मज्जेच्या कर्करोगाची ती खूण आजही त्यांच्या नावाने ओळखतात. गुरुजींच्या डॉक्टरांना इलेक्ट्रोफोरेसिस करायला सुचवलं.

५ ऑगस्ट

मुलीने विचारलं, लघवीत कृमीची अंडी दिसतात का? तिला गिमवीबद्दल सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. मूत्राशयाच्या शिस्टोसोमा कृमीचं भारतातलं प्रसिद्ध ठिकाण तेच, १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी नोंदवलेलं. टोकाला काटा असलेली ती अंडी दुपारच्या लघवीत, शेवटच्या धारेत जास्त सापडतात.

९ ऑगस्ट

कित्येक महिने जळजळ असलेला रिक्षावाला. अँटिबायोटिकचे कोर्स झालेले. फील्ड पस सेल्सनी भरलेलं, आणि कल्चर प्रत्येक वेळी निरंक. या देशात अशी जोडी दिसली की क्षयाचा विचार आधी करायचा. त्याच्या कोर्समध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनही होतं. त्याने क्षयाचे जंतू थोडे दबतात आणि निदान लांबतं. सकाळचे नमुने सलग तीन दिवस घेऊन सीबीनॅट तपासणीला पाठवले होते, आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

उपचार सरकारी दवाखान्यात सुरू होतील. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होईल, घाबरून गोळी सोडू नका, हे त्याला आणि त्याच्या बायकोला दोघांनाही सांगितलं. "रंग गेला की बरं झालं समजायचं का?" तिने विचारलं. नाही. गोळी चालू आहे तोवर रंग राहणार. आणि जळजळ थांबली तरी सोनोग्राफी चुकवायची नाही: जखम भरताना मूत्रवाहिनी आकसू शकते, आणि मूत्रपिंड आतल्या आत फुगत गेलं तरी दुखेलच असं नाही. तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली.