दुभाष्या

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत मुलाकडे महिनाभर होतो. तो घरी बिअर करतो. १९७८ च्या कायद्याने तिकडे घरच्यापुरती ती करमुक्त झाली. गॅरेजातल्या जुन्या फ्रिजात १९ लिटरची नळकांडी, बाहेर नळ. एका शनिवारी मित्रांसाठी त्याने कारखान्याचे मोठे पिंप आणले, जवळजवळ ५९ लिटरचे. भरलेले ते दोघांनाही उचलवेना. फ्रिजच्या फळ्या काढल्या तेव्हा मावले; पण तोंड जुळेना. नळकांड्याला वायूचे आणि बिअरचे तोंड वेगळे, पिंपाला दोन्हींसाठी एकच. त्यावर ‘कपलर’ फिरवून बसवायचा: वायू कडेने आत, बिअर मधल्या नळीतून वर. आमच्या बेळगावात त्याला दुभाष्याच म्हणतील! दाब चौरस इंचाला १२ पौंडांच्या आसपास, थंडी ३ अंश. गरम राहिली तर नुसता फेस.

मी थेंबही घेत नाही. शाळेत व्यसनमुक्तीवर दरवर्षी बोलतो. यावरूनच आमचे फोनवरचे बोलणे कित्येक वर्षे हवापाण्यापुरते उरले होते.

“बाबा, गळतंय का बघा जरा.”

मी साबणाचे पाणी सांध्यावर सोडले. बारीक बुडबुडे आले. “अजून अर्धा आटा पिळ,” म्हटले आणि पाना त्याच्या हाती दिला.