पाठवणी

आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत सोन्याचा मणीही निघाला नाही. निघाले फोटो. बर्फात उभी असलेली सावळी पोरं, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, मागे परक्या लिपीत नाव आणि साल. तिला ते वाचता येत नसे. कपाळावरची खोक, मुडपलेला कान अशा खुणांवरून ती पोर ओळखायची आणि मग त्याचं पहिलं पडसं, पहिला दात असं सगळं सांगत बसायची.

पुण्यातल्या एका शिशुगृहात ती रात्रपाळीची मावशी होती. मी कॉलेजात होतो, मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, म्हणून परदेशी आईबाप आले की दुभाष्या म्हणून मला धरून न्यायची. ते दिवस १९८४च्या निकालानंतरचे. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायमूर्ती भगवतींनी त्याचीच याचिका केली आणि नियम घालून दिले. मुलाला आधी देशातच घर शोधायचं, नाही मिळालं तर परदेश. हिंदू दत्तक कायदा या लोकांना लागू नव्हता, म्हणून १८९०च्या कायद्याखाली शिवाजीनगरच्या कोर्टातून फक्त पालकत्व मिळे. दत्तकविधान त्यांच्या देशात जाऊन. पुढे पासपोर्ट, व्हिसा. कागद हलेपर्यंत करायचं काय, तर पुणं बघायचं.

संस्थेची गाडी त्यांना शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस दाखवून आणी. आत्याला ते पटत नसे. "दगड बघून काय करायचंय? उद्या पोरगी विचारील, मी खात काय होते, तेव्हा काय सांगतील?" मग ती त्यांना मंडईत नेऊन वेलची केळी घ्यायला लावी, तुळशीबागेत काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि भातुकली. एका स्वीडिश जोडप्याला तिनं राजा केळकर संग्रहालयातही नेलं. सात वर्षांचा राजा गेला आणि दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं, दिवे, अडकित्ते, दौती असा संसार त्याच्या नावानं उभा केला, हे मी जमेल तसं सांगितलं. ती बाई अडकित्त्यांच्या कपाटापाशी थबकली. "मूल गेल्यावर एवढं करता येतं?" तिनं विचारलं. आत्याला अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "ज्याला सवड मिळते त्याला येतं."

त्याच रात्री स्टेशनजवळच्या हॉटेलातून बोलावणं आलं. पोरगी झोपेना, खाईना. टेबलावर डबाबंद फळांचा गर उघडा पडलेला, खोलीभर परक्या साबणाचा वास. आत्यानं मऊ भात, तूप, मेतकूट कालवून बोटानं भरवायला शिकवलं. चमचा बाजूला ठेवायला सांगितलं. पोरगी झोळीत झोपायची, गादीवर तिला सपाट वाटे. तेव्हा तिनं पलंगावरची चादर ओढली, एक टोक त्या उंच बापाच्या हातात, दुसरं आईच्या. दोघं समोरासमोर उभी राहून झोके देऊ लागली. हात भरून आले तरी थांबायची त्यांना भीती वाटे. परक्या गावात येऊन भाषा, जेवण, ऊन सगळ्याशी जुळवून घेणारी ती माणसं; पण खरं जुळवून घ्यायचं होतं ते त्या दहा किलोच्याही आतल्या जिवाला, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणत, "नशीब काढलं पोरीनं!" मला हे वाक्य कधीच आवडलं नाही.

निघायच्या दिवशी आत्यानं न धुतलेलं झबलं पिशवीत घातलं आणि बजावलं, "तिकडे लगेच धुवू नका. वास जाऊ दे हळूहळू." रडली नाही. घरात माणूस गेलं तर सुतक पाळतात, दहा दिवस चूल तरी दुसऱ्याच्या हाती असते. हिच्या वाट्याला सुतक नाही, सुवेर नाही. संध्याकाळी पुन्हा पाळी. मला वाटतं, सवड हा शब्द तिनं संग्रहालयात उगाच वापरला नव्हता.

गेल्या काही वर्षांत ती पोरं मोठी होऊन पुण्यात येतात. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांची माहिती मागायचा हक्क आजच्या दत्तक नियमांत आहे; जन्म देणारीची गुप्तता मात्र पाळावी लागते. एक जण माझा पत्ता काढत घरी आली. आईबद्दल फार विचारलं नाही तिनं. तिचा प्रश्न होता, "रात्री मला कोण घ्यायचं?" फायलीत दाखल केल्याची तारीख होती, दर महिन्याचं वजन, लसी, डॉक्टरांची सही. मावशीचं नाव कुठंच नव्हतं. मी आत्याचा फोटो दाखवला. आत्या जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

शिशुगृह चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: रात्रपाळीच्या मावशीचं नाव मुलाच्या फायलीत लिहा. वजनाच्या तक्त्याखाली तेवढी जागा असते.