खडशी गेली, चिलापी राहिली

परवा सोलापूरहून येताना भिगवणला गाडी थांबवली. मासळी बाजारात बघावं त्या पाटीत चिलापी. एका मावशींना सहज विचारलं, "खडशी आहे का हो?" त्या हसल्याच. "दादा, खडशी माझे सासरे आणायचे. आता कुठली?"

खडशी म्हणजे आपला महसीर. १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाला शास्त्रीय नावही आपल्याच लोकांच्या तोंडचं दिलं: 'खुद्री'. ज्या नदीने नाव दिलं तिची आज काय अवस्था आहे, ते पुणेकरांना सांगायला नको.

मीही इतकी वर्षं सगळं प्रदूषणावर ढकलत होतो. पण मग त्याच पाण्यात चिलापी कशी मजेत? फरक माशांच्या स्वभावात आहे. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली. काही महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा विते, अंडी-पिल्लं आई तोंडात सांभाळते. साचलेलं, गढूळ पाणी तिला चालतं. खडशीच्या मादीला वयात यायलाच काही वर्षं लागतात. पावसाळ्यात ती प्रवाहाविरुद्ध वर चढणार, स्वच्छ गोट्या-वाळूत अंडी घालणार, आणि त्या अंड्यांना खळाळतं पाणी लागणार. आपण आडवं धरण बांधलं, वाळू उपसली, उरलेल्या डोहात तोटे लावले. त्यात मासा जेवढा मोठा तेवढा आधी माणसाच्या नजरेत भरतो, आणि सगळ्यात जास्त अंडी त्या मोठ्या मादीच्याच पोटात असतात. पिढी भरून निघणार कधी?

लहान आणि झटपट वाढणारे मासे तरी सुरक्षित, असं वाटेल. तसंही नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, बोटभर मासा सापडला. २०२० मध्ये त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. ते बरंच झालं म्हणा, कारण अख्खं घर एवढंच असलेल्या माशाला कुणी हौसेने सोडलेले चार गप्पीसुद्धा भारी पडू शकतात.

आता कुणी म्हणेल, पिल्लं तयार करून सोडा की. लोणावळ्याला १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात, आणि ते काम मोठंच आहे. पण हीच आपली खडशी कावेरीत नेऊन सोडली, तिथे ती फोफावली, आणि तिथला स्वतःचा मोठ्या कुबडाचा महसीर २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. म्हणजे इथे जी हरली, तीच तिथे उपरी होऊन भारी पडली!

आमच्याकडे दर पावसाळ्यात नदीत 'मत्स्यबीज' सोडतानाचे फोटो येतात. हार, टोप्या, सगळं. बीज कुठल्या माशाचं, हे यंदा मी विचारणार आहे. तुमच्या गावात सोडत असतील तर तुम्हीही विचारा, आणि घरच्या म्हाताऱ्यांना आठवणारी माशांची नावं खाली लिहा. मला मावशींच्या सासऱ्यांची पूर्ण यादी हवी होती, पण ते आता नाहीत.