होमोसिस्टीन ४२

पोटरीत गोळा आलाय असं समजून चार दिवस मी तिळाचं तेल चोळून घेतलं. बायकोने चांगलं जोर लावून रगडलं. नंतर हे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गुठळी असेल तर पाय चोळायचा नसतो, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

डॉपलर सोनोग्राफीच्या खोलीत तिथल्या मॅडमनी गुडघ्यामागे प्रोब दाबला. उजवीकडची शीर दाबली की पडद्यावर मिटत होती. डावीकडची तशीच गोल, आत गुठळी.

माझं वय ४६. सिगारेट नाही, ऑपरेशन नाही, लांबचा प्रवास नाही. गुठळीला उघड कारण नाही, म्हणून डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहिल्या, त्यात होमोसिस्टीन. लॅबवाल्याने उपाशीपोटी रक्त घेतलं आणि नळी लगेच बर्फात रोवली. नळीतसुद्धा रक्तपेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, त्यामुळे उशीर झाला की आकडा उगाच फुगतो, म्हणाला. एवढं करूनही आकडा आला ४२. रिपोर्टवर मर्यादा १५ची.

हे अमिनो आम्ल आहे म्हटल्यावर मी डाळींना दोष दिला. चूक. अन्नातल्या मेथिओनिनपासून ते प्रत्येकाच्याच शरीरात तयार होतं. बी-१२ आणि फोलेट त्याचं परत मेथिओनिन करतात. बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं. साचलं की शिरांच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते आणि रक्त गोठण्याकडे झुकू शकतं. माझं बी-१२ होतं ११८. निदान २०० तरी हवं. आम्ही पिढीजात शाकाहारी, दूधही चहापुरतंच. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं होतं. म्हणजे मी काही जगावेगळा नव्हे. पण त्या सगळ्यांना गुठळ्या झाल्या नाहीत, हेही खरं.

डॉक्टर त्याबाबतीत सरळ बोलले. "बी-१२च्या इंजेक्शनांनी आकडा उतरेल. पण आकडा उतरला म्हणून गुठळी परत होणार नाही, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही."

तीन महिन्यांनी आकडा १३वर आला. गोळी चालू आहे, दाढी करताना कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो.

आई मात्र बी-१२च्या तपासणीला तयार नाही. सत्तर वर्षं हेच खातेय, म्हणते. तिच्या तळपायांना दोन वर्षं मुंग्या येतात.