वेलांटी आधी की अक्षर आधी?

लोहाऱ्यात विहाराची पत्रके, वस्तीतल्या मुलांचे अर्ज मीच टाइप करतो. बोटे रेमिंग्टनवर घडलेली. कार्यालयात विंडोज ७ जाऊन विंडोज ११ आले; मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, आणि कळांवर सगळी इंग्रजी अक्षरे! पहिला आठवडा जड गेला.

रेमिंग्टनवर ‘शिक्षण’ लिहिताना वेलांटी आधी, मग श. इन्स्क्रिप्टवर आपण बोलतो तसे: आधी श, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘बौद्ध’ लिहायचे तर द, त्याचा पाय मोडायचा, मग ध. जोडाक्षर संगणकच जुळवतो. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायचीही सोय आहे, पण आपल्या भाषेसाठी आधी इंग्रजी कशाला?

खरा घोर जुन्या फाइलींचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वर्गणीची यादी, वर्षावासाची पत्रके उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती सगळी आता युनिकोडमध्ये करणे चालू आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी रविवारी विहारात यावे. कळांवर चिकटवायची मराठी अक्षरे कापून ठेवली आहेत. जय भीम.