पूर्वपक्षास अनावृत पत्र

प्रिय पूर्वपक्षा,

मीमांसकांनी तुला, म्हणजे खोडायच्या विरुद्ध मताला, मानाचं स्थान दिलं होतं. आधी विषय, मग संशय, मग तू. आणि तुझं सगळं म्हणणं मांडून झाल्यावरच सिद्धान्त. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांची बाजू इतक्या नेटानं येते, की वाचणाऱ्याला घटकाभर तीच पटावी. आज लेखात, परीक्षणात तुझ्या वाट्याला उरते एक ओळ : ‘काही लोक म्हणतात की...’ कोण म्हणतं, का म्हणतं, याचा पत्ता नाही. पुढच्याच ओळीत तू निकालात!

शाळेत तर वेगळीच तऱ्हा. ‘मोबाइल : शाप की वरदान?’ या निबंधात चार फायदे, चार तोटे आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. बाजू आल्या, निवाडा आलाच नाही. एखाद्या मुलीनं लिहावं, ‘मोबाइलमुळे खेड्यातही अभ्यासाचे व्हिडिओ मिळतात, हे खरं, पण घरात फोन एकच असेल, तर तो आधी दादाच्या हातात जातो.’ तिथे मूल्यमापन सुरू होतं, कारण कोणाच्या हिताच्या निकषावर मोजायचं, हे तिनं ठरवलेलं असतं.

तुझा मान कसा राखावा, हे बाबासाहेब आंबेडकरांकडून शिकावं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अधिवेशन रद्द केलं, तेव्हा तिथे न झालेलं आपलं अध्यक्षीय भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चानं छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि सोबत उत्तर दिलं. गांधीजींचा एक मुद्दा असा, की धर्माची पारख त्याच्या सर्वोत्तम माणसांवरून करावी, वाईट नमुन्यांवरून नव्हे. बाबासाहेबांनी तो आधी मान्य केला. मग विचारलं : तरीही उत्तम माणसं इतकी थोडी आणि वाईट इतकी जास्त का? समोरच्याचाच निकष घेऊन त्यांनी प्रश्न थेट धर्माच्या आदर्शापर्यंत नेला.

म्हणून लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे मी तुझ्या वतीनं मागणं मागतो. तुला तुझ्या सर्वांत भक्कम रूपात मांडावं, तुझं खरं असेल तेवढं कबूल करावं आणि मग निवाडा द्यावा. तुला उत्तर सापडत नसेल, तर तुला गाळू नये. आपलं मत बदलावं.

तुझा ऋणी,
एक लेखक